पप्पांची वाट: सावंतवाडी ते जुनं गोवं, पायी

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलं आहे.)



दरवेळी इथे कोणीतरी पाहुणं असतं आणि मी फक्त प्रश्न विचारते. आज पाहुणे नाहीत, आज मीच बोलणार आहे. गेले काही महिने तुमच्यापैकी बऱ्याच जणांचे मेसेज येतायत. कोणाची नोकरी गेलीय, कोणाचं घरातलं माणूस गेलंय. काही जण म्हणतात, 'देवावर विश्वास होता, आता उरलेला नाही, पण त्याची सवय सुटत नाही.' या शेवटच्या वाक्यावर मी बराच वेळ थांबले, कारण माझंही अगदी असंच झालं होतं. म्हणून मी २०२२ साली केलेल्या एका पदयात्रेबद्दल आज सांगते. सावंतवाडी ते जुनं गोवं, तीन दिवस, साधारण पासष्ट-सत्तर किलोमीटर.

आधी थोडी ओळख. मी मूळची सावंतवाडीची, कॅथलिक कुटुंबातली. घरात मालवणी, चर्चमध्ये कोकणी आणि मराठी, ऑफिसात पुण्याची मराठी आणि इंग्रजी, अशी माझी सगळी सरमिसळ आहे. ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरचं फेस्त असतं. गोव्यातले लोक त्याला प्रेमाने 'गोंयचो सायब' म्हणतात. त्याआधी २४ नोव्हेंबरपासून २ डिसेंबरपर्यंत नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे रोजची खास प्रार्थना. त्या दिवसांत सिंधुदुर्गातून, बेळगावकडून, कारवारकडून माणसं चालत जुन्या गोव्याला जातात. कोणी एकटं जातं, कोणी घोळक्याने. माझे पप्पा दरवर्षी जायचे.

मी चार वर्षांची असताना खूप आजारी पडले होते. तेव्हा पप्पांनी नवस केला. आमच्याकडे त्याला आंगवण म्हणतात. पोरगी बरी झाली तर पाय चालतायत तोपर्यंत दरवर्षी सायबाकडे चालत येईन, अशी ती आंगवण. मी बरी झाले. डॉक्टरांमुळे की सायबामुळे, हा वाद मी कॉलेजात असताना पप्पांशी पुष्कळ घातला. ते म्हणायचे, 'डॉक्टरांका फी दिली, सायबाक पाय दिले. दोघांचाय भागला.'

२०२० मध्ये कोविडमुळे त्यांचं चालणं पहिल्यांदा चुकलं. फोनवर मला म्हणाले, 'पुढल्या वर्षी दोन वर्षांचा एकदम चलतलंय.' पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेत, ते गेले.

मी तेव्हा पुण्यात होते आणि स्वतः पॉझिटिव्ह होते. खोलीचं दार बंद, बाहेर मैत्रीण डबा ठेवून जायची. पप्पांना दफन केलं ते मी व्हिडिओ कॉलवर बघितलं. पाच-सहा माणसं, पांढरे सूट, आणि मध्येच नेटवर्क गेलं. परत आलं तेव्हा माती टाकून झाली होती. तुमच्यापैकी अनेकांनी हे असंच बघितलं असेल, त्यामुळे मी जास्त सांगत नाही.

पण एक गोष्ट मी तेव्हा कोणालाच सांगितली नव्हती. ती पुढे येईल.

त्यानंतर वर्षभर मी चर्चला गेले नाही. रागावले होते म्हणण्यापेक्षा, आत काही हलतच नव्हतं. प्रार्थनेला बसले की शब्द यायचे, पाठ आहेत ना लहानपणापासून, पण ते तोंडातल्या तोंडात राहायचे. आई फोनवर विचारायची, 'रविवारी मिस्सेला गेलेलंस?' मी 'हो' म्हणून खोटं सांगायचे.

मग जून २०२२ आला. दोन वर्षं पालख्या बसने गेल्या होत्या. त्या वर्षी वारी पुन्हा पायी निघाली. पुण्यात पालख्या आल्या तेव्हा ऑफिसच्या ग्रुपबरोबर मी रस्त्याच्या कडेला पाण्याच्या बाटल्या वाटत होते. खरं सांगायचं तर फोटोपुरतीच गेले होते. एक सत्तरीच्या आजी आल्या, डोक्यावर तुळशीवृंदावन. मी म्हटलं, 'माऊली, पाणी घ्या, बसा जरा.' त्या पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, 'बसूनच होते की दोन वर्षं. मालक गेले माझे कोरोनात. आता चालू दे मला.' आणि गेल्या. गर्दीत दिसेनाशा झाल्या.

त्या रात्री मला झोप लागली नाही. पप्पांचे कॅनव्हासचे बूट आठवले. ते अजून घरी पडवीत होते.

नोव्हेंबरमध्ये मी आमच्या वाडीतल्या काकांना फोन केला. तेच दरवर्षी सगळी जुळवाजुळव करतात. म्हटलं, 'काका, मी आले तर चालेल का? पण मी प्रार्थना वगैरे करेनच असं नाही.' ते म्हणाले, 'तू ये तर खरी. प्रार्थना करणारे बावीस जण आहेत, पुरेसे आहेत.'

३० नोव्हेंबर, बुधवार, पहाटे चार. चर्चच्या आवारात फादरनी आशीर्वाद दिला आणि आम्ही तेवीस जण निघालो. पुढे एक मुलगा लाकडी क्रूस घेऊन, मागे एक टेम्पो. त्यात पाण्याचे कॅन, चटया, फर्स्ट एडची पेटी आणि पेजेचा टोप. जॅकेटवर चमकणाऱ्या पट्ट्या, हातात बॅटऱ्या. हायवेवर अंधारात चालायचं म्हणजे हे लागतंच.

पहिले दोन तास छान गेले. थंडी होती, इन्सुलीच्या घाटात धुकं होतं, रोझरीचा आवाज एका लयीत चालला होता. मी सगळ्यात मागे, कानात इयरफोन. हो, मी पॉडकास्ट ऐकत होते. दुसऱ्या कोणाचा तरी, हे कबूल करते.

बांद्याला पोचेपर्यंत उजेड झाला आणि माझ्या डाव्या टाचेला फोड आला. आमच्याबरोबर साठीच्या पुढच्या एक मावशी होत्या. पायात साध्या स्लीपर, साडी थोडी वर खोचलेली. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, 'काय गो, पाय दुखतत?' मी म्हटलं, 'हो ना मावशी.' त्या म्हणाल्या, 'आज दुखतले, उद्या जास्त दुखतले, परवा तू इसरतलंस.' एवढं बोलून पुढे निघाल्या. धीर देण्याची ही काय पद्धत, असं मला वाटलं. पण झालं अगदी तसंच.

दुपारच्या आधी आम्ही पत्रादेवीला पोचलो. इथे महाराष्ट्र संपतो आणि गोवा सुरू होतं. गाडीतून जाताना आपण हे नाकं सहज ओलांडतो. चालत आलं की थांबायला होतं. इथे हुतात्मा स्मारक आहे. १५ ऑगस्ट १९५५ ला गोवा मुक्तीसाठी देशभरातून आलेले सत्याग्रही चालत या सीमेवर आले आणि पोर्तुगीज पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. आमच्यातल्या इंजिनिअरिंगच्या एका मुलाने मला तिथे हळूच विचारलं, 'ताई, ज्या राज्याने इथे गोळ्या घातल्या, त्याच राज्याच्या जहाजातून आलेल्या संताकडे आपण चाललोय. विचित्र नाही वाटत?'

चांगला प्रश्न होता. मी त्याला जे सांगितलं ते तुम्हालाही सांगते. फ्रान्सिस झेवियर मूळचा नवार्रचा, म्हणजे आजच्या स्पेनमधला. पोर्तुगालच्या राजाच्या आश्रयाने तो ६ मे १५४२ ला गोव्यात उतरला. तो आजाऱ्यांमध्ये राहिला, घंटा वाजवत गल्ल्यांतून पोरं गोळा करून शिकवायचा, हे खरं आहे. १५४६ मध्ये त्याने राजाला पत्र लिहून इथे धर्मन्यायालय मागितलं, हेही खरं आहे. तो गेल्यावर आठ वर्षांनी, १५६० मध्ये, ते गोव्यात सुरू झालं आणि मधला थोडा खंड सोडला तर १८१२ पर्यंत चाललं. लोकांनी फार सोसलं. मला वाटतं, चालताना हे विसरायची गरज नाही. माझ्या पप्पांच्या सायबाने त्यांचं पोर वाचवलं, आणि इतिहासातल्या त्या माणसाच्या हातून हेही झालं. दोन्ही माहीत असून मी चालत होते. तो मुलगा म्हणाला, 'म्हणजे उत्तर नाही.' मी म्हटलं, 'माझ्याकडे तरी नाही.' तो हसला आणि मग बराच वेळ आम्ही बरोबर चाललो.

रात्री पेडणे तालुक्यातल्या एका चॅपलच्या हॉलमध्ये मुक्काम केला. गावातल्या लोकांनी पेज, भाजी आणि सुक्या बांगड्याची किसमूर आणून दिली. आणणाऱ्यांत हिंदू घरंही होती. एक आजोबा म्हणाले, आमच्या आजोबांपासून चालणाऱ्यांना इथे पाणी द्यायची पद्धत आहे, म्हणून आम्हीही देतो.

दुसऱ्या दिवशी फोनची बॅटरी संपली. पॉवर बँक टेम्पोत, टेम्पो पुढे गेलेला. आता कानात काहीच नाही. आणि मंडळी, खरी अडचण तिथे सुरू झाली.

चालताना डोकं रिकामं होतं असं लोक म्हणतात. माझं उलट झालं. वर्षभर मी ज्याच्यावर काम, रील्स आणि आवाज यांचं झाकण ठेवलं होतं, ते सगळं बाहेर आलं. धारगळच्या रस्त्यावर उन्हात चालताना मी रडायला लागले. लोक ट्रकमधून बघत होते. कोणीही माझ्याजवळ येऊन 'काय झालं' विचारलं नाही. मावशी मात्र चालण्याचा वेग कमी करून माझ्या बाजूला आल्या आणि गप्प चालत राहिल्या. अर्धा तास तरी.

बायबलमधली एक गोष्ट मला नंतर आठवली. लूकच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात आहे. येशूला मारून तीन दिवस झालेत. त्याचे दोन शिष्य यरुशलेम सोडून अम्माऊस नावाच्या गावाकडे चालले आहेत. अंतर साधारण अकरा किलोमीटर. ते कोणत्याही यात्रेला निघालेले नाहीत. सगळं संपलं म्हणून तिथून निघून चाललेत. वाटेत एक अनोळखी माणूस त्यांना येऊन मिळतो आणि विचारतो, तुम्ही कशाबद्दल बोलताय? ते उदास होऊन थांबतात आणि त्याला सगळं सांगतात, आमची केवढी आशा होती आणि काय झालं, ते. तो येशूच आहे, पण त्यांना ओळखू येत नाही. संध्याकाळी तो जेवायला बसून भाकरी मोडतो तेव्हा कुठे त्यांना कळतं.

लहानपणी मला ही गोष्ट म्हणजे शेवटी ओळख पटण्याची गोष्ट वाटायची. धारगळच्या रस्त्यावरून गेल्यापासून मला तिच्यातला मधला भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. तो आधी त्यांना गप्प करत नाही. 'रडू नका' म्हणत नाही. तोही त्यांच्याच वेगाने, त्यांच्याच चुकीच्या दिशेने चालतो आणि त्यांचं ऐकून घेतो.

तर कोलवाळच्या पुलावर मी मावशींना ती गोष्ट सांगितली. खाली शापोरा नदी, बाजूने गाड्यांचा वारा.

पप्पांना हॉस्पिटलात नेलं त्या रात्री अकरा चाळीसला त्यांचा मला फोन आला होता. मी जागी होते. स्क्रीनवर 'पप्पा' दिसत होतं. मला ताप होता, त्या दिवशी दहा फोन झाले होते, प्रत्येकाला तेच तेच सांगून मी दमले होते. मी फोन उलटा ठेवला. 'उद्या करते,' म्हटलं. पहाटे त्यांना व्हेंटिलेटरवर घेतलं. त्यानंतर ते बोलले नाहीत.

दीड वर्ष मी रोज रात्री अकरा चाळीसला फोन बघत होते.

मावशी पूल संपेपर्यंत काही बोलल्या नाहीत. मला वाटलं, आता म्हणतील, 'देवाची मर्जी,' किंवा 'तुझी काही चूक नाही.' हे मी स्वतःला हजार वेळा सांगून झालं होतं आणि त्याने काही होत नव्हतं. त्या म्हणाल्या, 'फोन उचलला असतंस तर तेना काय इचारल्यान असतां? "जेवलंस मां?" आणि काय?'

मी थांबलेच. कारण खरंच, पप्पा तेवढंच विचारायचे. मी दहावीत पहिली आले तेव्हा, पहिली नोकरी लागली तेव्हा, ब्रेकअप झाला तेव्हा, प्रत्येक फोनचं पहिलं वाक्य 'जेवलंस मां?' आणि बऱ्याचदा शेवटचंही तेच. दीड वर्ष मी त्या न उचललेल्या फोनमध्ये काहीतरी मोठं कल्पून बसले होते, शेवटचा निरोप, शेवटची तक्रार. आणि मावशींनी तिथे माझे खरे पप्पा परत आणून बसवले.

माझी चूक त्यामुळे पुसली गेली, असं मी म्हणत नाही. फोन मी उचलला नव्हता, ते तसंच आहे. पण ती आता मला उचलता येईल एवढी झाली.

त्या रात्री म्हापशाला मुक्काम केला. पाय सुजले होते, फोडाला दुसरा फोड आला होता. म्हापशाच्या मिलाग्रिस सायबिणीच्या चर्चमध्ये मी मागच्या बाकावर जाऊन बसले. ही सायबीण म्हणजे शिरगावच्या लईराई देवीची बहीण, असं गोव्यात मानतात, आणि तिच्या फेस्ताला हिंदूही तेल घेऊन रांग लावतात. मी प्रार्थना केली नाही. नुसती बसले. पण वर्षभरात पहिल्यांदा तिथून उठून जावंसं वाटलं नाही.

इथे थोडं थांबून एक सांगते. ही यात्रा करून आल्यावर मी याबद्दल बरंच वाचलं, आणि लक्षात आलं की वाईट काळात चालत सुटणं ही माणसांची फार जुनी सवय आहे. बायबलच्या स्तोत्रसंहितेतली १२० ते १३४ ही स्तोत्रं आरोहण स्तोत्रं म्हणून ओळखली जातात. यरुशलेमचा चढ चढणारे यात्रेकरू ती म्हणायचे, असं मानलं जातं. ती सगळी आनंदाची नाहीत. काहींत भीती आहे, थकवा आहे, 'मदत कुठून येणार' हा प्रश्न आहे.

मार्च २०२० मध्ये इटली बंद असताना पोप फ्रान्सिस रोमच्या रिकाम्या रस्त्यावरून थोडं अंतर पायी चालत सान मार्चेल्लो चर्चमध्ये गेले. वय ८३. तिथे एक जुना लाकडी क्रूस आहे. १५२२ च्या प्लेगमध्ये रोमच्या लोकांनी तो क्रूस गल्लोगल्ली मिरवत नेला होता. त्यासमोर जाऊन त्यांनी साथ थांबावी म्हणून प्रार्थना केली. गाडीने थेट दारात उतरता आलं असतं. तरी ते चालले.

आणि हे वाचून तर मला पप्पांना फोन करावासा वाटला. झेवियरच्या गावी, नवार्रात, त्याचा जन्म झाला तो किल्ला आहे. दर मार्चमध्ये लोक चालत तिथे जातात, कोणी पाम्प्लोनाहून पन्नासेक किलोमीटर. त्याला 'हाविएराडा' म्हणतात. त्याची सुरुवात कशी झाली? १८८५ मध्ये तिकडे कॉलऱ्याची साथ आली. लोकांनी संताला नवस केला आणि पुढच्या वर्षी, १८८६ मध्ये, तो फेडायला चालत निघाले. म्हणजे आंगवणच! साथ, मरणं, आणि मग चालत जाणारी माणसं. शब्द तेवढा वेगळा.

स्पेनमधलाच सांतियागोचा रस्ता, कामिनो, तुम्ही ऐकला असेल. किमान शंभर किलोमीटर चालून जाणाऱ्यांना तिथे प्रमाणपत्र मिळतं. २०१९ मध्ये ते साडेतीन लाखांच्या आसपास लोकांना मिळालं. २०२० मध्ये हा आकडा सुमारे ५४ हजारांवर आला. आणि २०२२ मध्ये? चार लाखांच्या वर. घरात कोंडलेली माणसं सुटल्यावर कुठे गेली, ते यावरून दिसतं. पुण्याच्या त्या वारकरी आजी मला आठवल्या. 'आता चालू दे मला.'

असो. तिसरा दिवस.

मावशी म्हणाल्या होत्या ते खरं झालं. पाय दुखत होते, पण दुखतायत हे लक्षात राहत नव्हतं. पर्वरीवरून उतरून आम्ही बेतीला आलो आणि फेरीबोटीने मांडवी ओलांडली. चालत येणाऱ्याला फेरीबोटीत तिकीट लागत नाही. पाच-सात मिनिटांचा प्रवास, पण तीन दिवसांत पहिल्यांदा पाय न हलवता पुढे जात होतो, तर सगळे लहान पोरांसारखे कठड्याला उभे राहून हसत होते.

पणजीहून रायबंदरला जाणारा जुना बांधरस्ता आहे, तीनेक किलोमीटरचा, पोर्तुगीजांनी १६३० च्या दशकात बांधलेला. डावीकडे मांडवी, दुसरीकडे खारफुटी आणि मिठागरं. दुपार कलली होती. पुढे-मागे इतर ठिकाणांहून आलेले घोळके दिसायला लागले. कोणी कन्नड बोलत होतं, कोणी कोकणी, कोणी मराठी. एका घोळक्याने आम्हाला चणे दिले, आम्ही त्यांना लाडू दिले. तिथे कुठेतरी मी रोझरी म्हणायला लागले. ठरवून नाही. पावलांबरोबर बाकीचे म्हणत होते, त्यात माझाही आवाज मिसळला. तेच पाठ शब्द, वर्षभर तोंडात अडकलेले. मला एकटीला ते म्हणता येत नव्हते. बावीस जणांबरोबर म्हणता आले. काका तेच म्हणाले होते, 'प्रार्थना करणारे पुरेसे आहेत.' त्याचा अर्थ मला रायबंदरला कळला. स्वतःचं संपलेलं असेल तर थोडा वेळ दुसऱ्यांच्या विश्वासावर चालता येतं.

२ डिसेंबरच्या संध्याकाळी आम्ही जुन्या गोव्यात पोचलो. फेस्ताची गर्दी, खाजाची दुकानं, मेणबत्त्या विकणारी मुलं. बॉम जेझू बासिलिकाच्या रांगेत दीड तास उभे राहिलो. झेवियर चीनच्या किनाऱ्यावरच्या शांगच्वान बेटावर ३ डिसेंबर १५५२ ला वारला. त्याचं शरीर मलाक्कामार्गे १५५४ मध्ये गोव्यात आणलं. आज ते चांदीच्या पेटीत आहे. गोव्याच्या कारागिरांनी बनवलेली पेटी आणि तिच्याखाली फ्लॉरेन्सहून आलेला संगमरवरी चौथरा. पेटी खूप उंचावर असते. आपण खाली उभं राहून मान वर करायची.

पप्पा तिथे उभे राहून काय म्हणत असतील, याचा मी लहानपणापासून विचार केला होता. मोठमोठ्या प्रार्थना तयार करून मी गेले नव्हते. माझ्या मागे लोक ढकलत होते, स्वयंसेवक 'पुढे चला, पुढे चला' करत होता. दहा-बारा सेकंद मिळाले असतील.

मी म्हटलं, 'होय पप्पा, जेवलंय.'

बस. तेवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळची फेस्ताची मिस्सा झाली आणि आम्ही टेम्पोने परत आलो. तीन दिवसांची वाट दोन-अडीच तासांत संपली. पत्रादेवी कधी मागे गेली ते कळलंच नाही.

आता तुम्ही विचाराल, मग विश्वास परत आला का? खरं सांगते, पूर्ण नाही. काही रविवारी जाते, काही रविवारी नाही. पण आईला खोटं सांगत नाही. आणि रात्री अकरा चाळीसला फोन बघायची सवय गेली. कधी गेली ते सांगता येणार नाही. एक दिवस लक्षात आलं की बरेच दिवस बघितलाच नाही.

ज्यांनी मला मेसेज केले त्यांच्यासाठी दोन-तीन साध्या गोष्टी. सल्ला नाही, मला उपयोग झाला ते सांगते.

पहिलं, सत्तर किलोमीटरच चालायला पाहिजेत असं नाही. तुमच्या गावात एखादं देऊळ, दर्गा, चर्च असेल, आजीचं घर असेल, कोणाची कबर असेल. तीन-चार किलोमीटरवर असेल तर पुढच्या वेळी रिक्षा न करता चालत जा. जाताना फोन खिशात. हो, हे मी पॉडकास्टवर सांगतेय. हा भाग संपल्यावर इयरफोन काढा.

दुसरं, लांबच्या पदयात्रेला जाणार असाल तर नवे बूट घालून जाऊ नका. महिनाभर आधी रोज थोडं चाला. सुती मोज्यांपेक्षा घाम सुकवणारे मोजे बरे. पहाटे हायवेवर चमकणारी पट्टी आणि बॅटरी हवीच, आणि एकट्याने अंधारात चालू नका. फोड फोडू नका, झाकून ठेवा. नोव्हेनाचे दिवस लक्षात ठेवा, २४ नोव्हेंबर ते २ डिसेंबर.

तिसरं. तुमच्या बाजूला कोणी रडत चालत असेल, रस्त्यावर किंवा ऑफिसात, तर लगेच समजूत घालायला जाऊ नका. वेग कमी करा. पुलापर्यंत बरोबर चाला. त्या व्यक्तीला बोलायचं असेल तर ती बोलेल.

मावशी या वर्षी येणार नाहीत, त्यांचा गुडघा साथ देत नाही. परवा फोनवर म्हणाल्या, 'माझ्या वाटणीची मेणबत्ती तू लाव.' मी हो म्हटलंय. पप्पांची आंगवण होती पाय चालतायत तोपर्यंतची. माझे अजून चालतायत.

आजच्यापुरतं एवढंच. हा भाग कोणाला ऐकवावा असं वाटलं तर त्यांना पाठवा. तुम्ही कधी असे कुठे चालत गेला असाल तर त्याची व्हॉइस नोट मला पाठवा, पुढच्या भागात आपण त्यातल्या काही ऐकू.

आणि हो, जेवलात ना? नसाल तर आधी जेवून घ्या. भेटू पुढच्या आठवड्यात.